तुमचा जुना पासपोर्ट चालला असता

विहीणबाई,

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत आपल्या नातवंडांचे मला रोज फोन आले आणि विषय प्रत्येक वेळी एकच होता, तुम्ही. रोहाआजी शेवटी काय बोलली? रोहाआजीचं वालाचं बियाणं आता कुणाकडे राहणार? तिची शिडी कुठे आहे? मी सगळ्याची नीट उत्तरं दिली. फोन ठेवला की दर वेळी मनात यायचं, आधी मी गेले असते, तर या मुलांनी तुम्हाला माझ्याबद्दल एवढं विचारलं असतं का? माझ्या शिडीची चौकशी केली असती का?

चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तेही गेलेल्या माणसावर जळणं शोभत नाही. पण तुमच्याशी मी कधी शोभेल तेवढंच बोलत आले आणि त्यातून काय झालं ते आज लिहायचं आहे.

हे लिहिलेलं ईशा आणि नील वाचणार आहेत. ईशाला देवनागरी मी शिकवली, दर शनिवारी, फोनवर, दोन वर्षं. ती धाकट्याला वाचून दाखवेल. म्हणून त्यांच्यासाठी एकदा ओळीने मांडते. त्यांची आई वृंदा ही माझी मुलगी. त्यांचे बाबा संदेश हे तुमचे. मी पेणची, शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली. तुम्ही रोह्याच्या अलीकडे, निडी स्टेशनात उतरून पंचवीस मिनिटं चालत जावं लागतं अशा गावच्या, पावसाळ्यात भात आणि मग त्याच शेतात वाल. संदेशराव धाटावच्या कंपनीत होते तेव्हा रात्रपाळी करून सायकलने घरी यायचे आणि तुम्ही भाकरी टाकायला त्यांच्या सायकलच्या घंटीपर्यंत थांबायचात, हे मला वृंदाने सांगितलं होतं. लग्न ठरताना मी तिला म्हटलं होतं, माणसं चांगली आहेत, पण आपल्यासारखी नाहीत. ते वाक्य तुमच्या कानावर गेलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

तुम्ही मला पहिल्यांदा टोमणा मारलात तो नीलच्या दुसऱ्या वाढदिवसाला. मी मुलांसाठी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं पाठवली होती आणि तुम्ही सोललेले कडवे वाल, पिशवीत बांधून. मी म्हटलं, "विहीणबाई, कस्टमवाले वाल फेकून देतील." तुम्ही पदराने तोंड पुसत म्हणालात, "फेकू देत. पन तुमचं इंग्रजी पोरांना तिथं फुकाट मिळतं. माजं बिरडं नाय मिळत."

वाल पोचले. पुस्तकंही पोचली. वृंदाने फोटो पाठवला तो वालाच्या बिरड्याचा.

आता त्या सहलीबद्दल.

तिकडे अमेरिकेत मुलांच्या घरापासून दिवसभर गाडी चालवली की मेसा वर्दे नावाचं राष्ट्रीय उद्यान लागतं. तिथे उंच कड्यांच्या कपारीत शेकडो वर्षांपूर्वीची दगडी घरं आहेत, एकाला एक चिकटलेली, एखाद्या आळीसारखी. काही घरांत जायला लाकडी शिड्या चढाव्या लागतात, एका ठिकाणी अरुंद बोगद्यातून रांगत जावं लागतं. मागच्याच्या मागच्या दिवाळीत ईशाच्या डोक्यात आलं की येत्या जूनच्या सुट्टीत दोन्ही आज्यांना घेऊन तिथे जायचं. मला तिने "पेणआजी, तू येशील ना?" असं विचारलं. तुम्हाला विचारलंच नाही. "रोहाआजी, आपण जाणार आहोत," असं सांगितलं. हा फरक मी तेव्हाच टिपला होता.

मी कामाला लागले. निळी फाईल केली. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, मग नकाशा, हवामान, औषधं, कपडे, आणि शेवटी त्या घरांची माहिती, मराठीतून, मुलांना वाचायचा सराव व्हावा म्हणून. पानांचे फोटो काढून मी मुलांना पाठवले. त्या रविवारी सकाळी आपण सगळे फोनवर होतो, मुलं तिकडे, मी पेणला आणि तुम्ही तुमच्या ओटीवर. तुम्ही फोन इतका जवळ धरायचात की आम्हाला नुसतं तुमचं कपाळ आणि कुंकू दिसायचं.

ईशा माझं पान वाचत होती. "कड्याच्या वरच्या बाजूस असलेल्या लहान खोल्या पहारेकऱ्यांसाठी असाव्यात." तिने फोटो कॅमेऱ्यासमोर धरला.

तुम्ही म्हणालात, "पारेकरी? एवड्याशा दारातनं? तो काय मांजर हाय?"

नील हसायला लागला.

"गो ईशा, जरा जवळ आन. हां. ही मानसाची खोली नाय. हा दाना ठेवायचा. वर ओल नाय, उंदीर नाय. दार बारीक म्हंजे चिखलानं लिपायला बरं. मानूस खाली झोपल, दाना वर. दाना ऱ्हायला तर मानूस ऱ्हाईल ना?"

मी म्हटलं, "अहो विहीणबाई, पुस्तकात..."

पण ईशाने तेवढ्यात शोधलं होतं. "पेणआजी, रोहाआजी बरोबर आहे! ही कोठारं आहेत. मका आणि घेवडा ठेवायचे!"

"घेवडा व्हय? मंग आमच्यातलीच निघाली," तुम्ही म्हणालात. आणि नील ओरडला, "रोहाआजी जीनियस आहे!"

मी ते पान दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. तळाला लिहिलं, "सुधारित." 

पुढचा प्रश्न नीलने विचारला, ती माणसं घरं सोडून का गेली? याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, दुष्काळ. वर्षानुवर्षं पाऊस पडला नाही. तुम्ही म्हणालात, "पाऊस नाय म्हून कोन घर सोडतंय? आज नाय तर उद्या पडल. आधी पोरं गेली असतील कुटंतरी. मंग म्हातारी कोनासाठी लिपत बसतील?"

मागे स्वयंपाकघरात वृंदा उभी होती. तिने तोंड फिरवलं. माझी मुलगी तुमच्या वाक्यावर रडली. ती अमेरिकेला गेली त्या दिवशी विमानतळावर मी तिच्या हातात कागदपत्रांची यादी दिली होती आणि तिने ती वाचून नीट घडी घालून ठेवली होती. रडलो नव्हतो, तीही नाही आणि मीही नाही. त्या दिवसापासून मला तुमचा नुसता हेवा वाटत नव्हता. तुम्ही माझ्या घरातलं काहीतरी उचलून नेता आहात आणि मला पकडता येत नाही, असं वाटत होतं.

तुम्ही शिडीचा सराव सुरू केलात. माळ्यावर जायची बांबूची शिडी अंगणात आंब्याला टेकवून, नऊवारीचा काचा मारून, रोज सकाळी दहादा वर-खाली. शेजारची सून फोनवर चित्रण करून मुलांना पाठवायची. नीलने ते वर्गात दाखवलं. त्याच्या बाईंनीही ते पाहिलं म्हणे. आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते, मीही सराव केला. माझ्या गच्चीचा लोखंडी जिना, दुपारी, शेजारी झोपलेले असताना. चौथ्या दिवशी गुडघा असा सुजला की आठवडाभर शेक घेत बसले. वृंदाला सांगितलं, बाजारात घसरले.

आणि मग तुम्ही नोव्हेंबरात कागदपत्रं घेऊन पेणला आलात.

माझ्याकडे दहा वर्षांचा व्हिसा होता. तीनदा जाऊन आले होते. तुम्ही एकदाही गेला नव्हतात. नीलच्या जन्माच्या वेळी तुमचा पासपोर्ट काढला होता, पण तेव्हा तुमचे यजमान आजारी पडले, आणि नंतर दर वर्षी काही ना काही निघालं. अर्ज संगणकावर इंग्रजीत भरायचा असतो, म्हणून संदेशरावांनी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं. "आईचं तुम्हीच बघा," म्हणाले. माझ्यावर सोपवलं कारण मी चूक करत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

तुम्ही पिशवीतून बिस्किटाचा डबा काढलात. डब्यात वाल होते, राखेत घोळवून ठेवलेले, जसं तुम्ही सगळं बियाणं ठेवता. त्यात हात घालून तुम्ही खालून पासपोर्ट वर काढलात. झटकलात. माझ्या टेबलावर राख पडली.

"राखंत कायबी खराब होत नाय. कसर नाय, वाळवी नाय," तुम्ही कौतुकाने म्हणालात. "नऊ वर्सं झाली, बघा कसा ऱ्हायलाय."

खरंच चांगला राहिला होता. पानं करडी झाली होती, बाकी फोटो, शिक्का, अक्षरं, सगळं जागच्या जागी. मुदत संपायला दहा महिने होते.

मी तो पासपोर्ट दोन बोटांनी धरला आणि म्हटलं, "हा असा दाखवणार तुम्ही वकिलातीत? आणि मुदतही संपत आली आहे. आधी नवा काढा. मग व्हिसाचं बघू. घाई केली तर सगळंच अडकेल."

विहीणबाई, तुमचा जुना पासपोर्ट चालला असता. जुन्यावर व्हिसा मिळतो आणि मग नवा पासपोर्ट जुन्याला जोडून दोन्ही दाखवता येतात. हे मला पक्कं माहीत होतं. माझेच दोन पासपोर्ट त्याच टेबलाच्या खणात एकमेकांना जोडलेले होते, दोन वीत अंतरावर. मी त्या दिवशी अर्ज भरायला बसले असते, तर जूनच्या आत तुमचं काम झालं असतं.

मी जे सांगितलं त्यात नियमाविरुद्ध काही नव्हतं. कुणी मला आजही चूक म्हणू शकणार नाही. ते मी मुद्दाम तसंच निवडलं होतं.

तुम्ही वाल परत डब्यात भरलेत, टेबलावरची राख पदराने पुसलीत आणि म्हणालात, "मला काय कळतंय यातलं. तुमी बोलाल तसं." लाजला होतात. तेवीस वर्षांत तुम्हाला लाजलेलं मी तेव्हाच पाहिलं. आणि खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला बरं वाटलं.

नवा पासपोर्ट यायला जानेवारी उजाडला. तोवर रांग वाढली होती, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती सप्टेंबरातली. जून गेला. मी हिशेब केला होता की जूनमध्ये मी एकटी जाईन. मुलं, मी आणि ती घरं. शिडी चढता आली नाही तरी खाली उभं राहून माहिती सांगेन, मधे बोलणारं कुणी नसेल.

ईशाने फोन केला. "पेणआजी, आम्ही ठरवलंय, सहल एक वर्ष पुढे ढकलूया. रोहाआजीशिवाय मजा नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

एक वर्ष. तुमच्यासाठी त्यांनी एक वर्ष बाजूला ठेवलं, आणि मी होते ती त्यांना पुरली नाही.

सप्टेंबरात तुमची मुलाखत झाली. तुम्हीच मला ती सांगितलीत, हसून हसून. तिथल्या साहेबाने विचारलं, कशासाठी जाता? तुम्ही म्हणालात, "जुनी घरं बघायला." त्याने विचारलं, तुमच्याकडे जुनी घरं नाहीत का? "हायेत की. पन त्यातली मानसं अजून घरात हायेत, आत जाऊ देत नायत." त्याने हसून व्हिसा दिला. माझ्या पहिल्या मुलाखतीला मी चाळीस कागद नेले होते आणि घाम फुटला होता.

मग हा जानेवारी. शेतात वालाच्या शेंगा भरल्या आणि तुम्ही मला पोपटीला बोलावलंत. दुपारी तीनलाच मडकं भरायला घेतलं होतं तुम्ही, मला अंधाराआधी परतता यावं म्हणून. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला, तोंड गच्च बंद. मडकं पालथं घातलंत आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवलंत. मला बसायला घरातून खुर्ची आणवली, स्वतः बांधावर टेकलात.

जाळाकडे बघत तुम्ही एकदम म्हणालात, "पासपोर्टाच्या हापिसातली बाई बोलली व्हती मला. जुन्यावर पन झाला असता म्हनून."



"कधी बोलली?" मी विचारलं.

"तवाच. नवा करायला गेले तवा."

म्हणजे वर्षभर तुम्हाला माहीत होतं. मुलांना, संदेशरावांना, वृंदाला, कुणालाही तुम्ही सांगितलं नव्हतंत. दर रविवारी माझ्याशी हसून बोलत होतात.

"मग मला विचारलं का नाहीत?"

"काय विचारायचं? तुमाला वाटलं असंल, एकदा तरी पोरं आपल्या एकलीला मिळूदेत. मलाबी तसं वाटतं कदीकदी. तुमी तीनदा गेलाव, तवा मी हितं काय कमी जळलेय? तुमी विमानात बसलाव की मी शेतात शिव्या घालायचे. तुमाला." आणि तुम्ही हसलात. "मी म्हटलं, जाऊदे, यंदा ती जाऊन येईल. आपन फुडल्या वर्साला. पन पोरंच येडी, थांबली."

तिथे मी बोलायला हवं होतं. "हो, मी मुद्दाम केलं." एवढं एकच वाक्य. तुम्ही माझ्यासाठी सगळं मोकळं करून ठेवलं होतंत. मी म्हटलं, "मडकं काढायचं का? करपेल."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काठीने जाळ बाजूला सारून मडक्याच्या बुडावर पाण्याचे थेंब शिंपडलेत, चर्र आवाज ऐकलात आणि म्हणालात, "व्हय. झालं गो."

मला गो म्हणालेलं आवडलं नाही. तेव्हा. गाडीत बसल्यावर मनात आलं, पुढच्या भेटीत सांगायचं, सगळं. मी वहीत तसं लिहूनही ठेवलं. बारा दिवसांनी तुम्ही शेंगा तोडता तोडता बांधावर बसलात आणि उठला नाहीत.

दहाव्याला मी नदीवर आले होते. बायका मागे थांबल्या होत्या, मी जरा पुढे गेले. पिंड ठेवला. मला खात्री होती, कावळा शिवणार नाही. तुमचं काहीतरी राहिलेलं आहे आणि काय ते मला एकटीला माहीत आहे. मी वाक्य मनात तयार ठेवलं होतं. कावळे अडले की हात जोडून ते म्हणायचं, मग ते शिवतील, असं मी ठरवलं होतं. इंग्रजी शिकलेली बाई, पण त्या दिवशी माझा भार कावळ्यावर होता.

संदेशराव बाजूला सरले आणि लगेच कावळा उतरला. तुमची जाऊ म्हणाली, "बाय सुखात गेली. कायसुदिक मागं ठेवलं नाय."

तुमचं काही राहिलं नव्हतं. जे राहिलं ते माझं होतं. तेवढ्यातही तुम्ही मोकळ्या होऊन गेलात, आणि मी तिथे हात अर्धे जोडून उभी.

आता संदेशराव परत गेले आहेत. जाताना म्हणाले, "जूनची सहल रद्द नाही करायची. आईच्या नावाने जायचंच. तुम्ही आमच्याबरोबर असायला हव्यात." ईशानेही फोनवर तेच म्हटलं. "आता तूच आहेस, पेणआजी." याच वाक्याची मी कित्येक वर्षं वाट पाहिली होती. ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. हे मला तुमच्या जाण्याने मिळालं आहे. आणि मी तुमची एक सहल चोरून बसले आहे, त्या एका जूनची, जेव्हा तुम्ही जिवंत होतात, शिडी चढत होतात, आणि जायला तयार होतात.

ईशा, नील, तुमच्या रोहाआजीला ती घरं दिसली नाहीत याचं कारण मी आहे. उशिराची तारीख नाही, वकिलात नाही. तिने ते तुमच्यापासून लपवलं, माझ्यासाठी. मी लपवणार नाही.

विहीणबाई, हे मी फोनवर सांगत नाही. फोनवर माझा चेहरा बघून त्यांना दया येईल आणि ती मला नको आहे. पाकीट आजच स्पीड पोस्टाने टाकते. साधारण बारा दिवसांत पोचतं. संदेशराव महिनाअखेरीस विमानाची तिकिटं काढणार आहेत, म्हणजे चौदा दिवस आहेत. मला न्यायचं की नाही हे ठरवायला मुलांकडे दोन दिवस राहतात. तेवढे पुरावेत.

तुम्ही असतात तर दोन मिनिटंही लागली नसती. कपाळ फोनला लावून तुम्ही त्यांना म्हणाला असतात, "येडी हाय ती. न्या तिला." आणि त्यांनी नेलं असतं, कारण तुम्ही सांगितलं. माझ्या बाजूने बोलायला मी कितीही पानं लिहिली तरी तुमच्या त्या पाच शब्दांएवढी ती भरणार नाहीत. विहीणबाई, मला याचाही हेवा वाटतो.